‘तुझं नाव काय?’ : याकोबाची रात्र आतून वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ध्यानशिबिरात बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायातली, याकोबाच्या झुंजीची गोष्ट उलगडून सांगितली गेली. यब्बोक नदी म्हणजे सुप्त मन, रात्रभर झुंजणारा पुरुष म्हणजे अहंकार, निखळलेला खुबा म्हणजे मूलाधार आणि पहाट म्हणजे आत्मज्ञान. विचारणारे लिहितात, “मला ते फार भावलं. घरी सांगितलं तर आजोबा रागावले. म्हणाले, शास्त्र जसं लिहिलंय तसं वाच, त्याची कोडी करू नकोस. मी कोणाचं ऐकू, आणि ही गोष्ट वाचू तरी कशी?”

गेली सव्वीस वर्षं मी मराठीतून मौनशिबिरं आणि बायबलवाचनाचे गट घेते आहे. इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा ही गोष्ट मी लोकांबरोबर जास्त वेळा वाचली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ती आतून वाचावी, जरूर वाचावी. पण शिबिरात तुम्हाला मिळालेला तो तक्ता मला पटत नाही, आणि न पटण्याची कारणं गोष्टीतच आहेत.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी गोष्ट. एसाव आणि याकोब जुळे भाऊ. जन्मताना धाकट्याने थोरल्याची टाच धरलेली, म्हणून त्याचं नाव याकोब. हिब्रूत टाचेला ‘आकेव’ म्हणतात. पुढे त्याने भुकेल्या भावाकडून डाळीच्या वाटीवर थोरलेपणाचा हक्क घेतला, आणि नंतर दृष्टी गेलेल्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वादही लाटला. एसाव जिवावर उठला, तेव्हा हा हारानला लाबानमामाकडे पळाला. वीस वर्षांनी दोन बायका, दोन दासी, अकरा मुलगे आणि मोठं खिल्लार घेऊन परत निघाला, तर निरोप आला की एसाव ४०० माणसं घेऊन सामोरा येतोय. याकोबाची गाळण उडाली. त्याने माणसंजनावरं दोन टोळ्यांत वाटली, भावाला भेट म्हणून शेळ्या, मेंढ्या, सांडण्या, गाई, गाढवं अशी साडेपाचशेच्या वर जनावरं कळपाकळपाने पुढे काढली, रात्री बायकामुलांना यब्बोकच्या उतारावरून पलीकडे पोचवलं आणि स्वतः एकटाच मागे राहिला. (ही नदी आज जॉर्डन देशात आहे. तिला झरका म्हणतात.)

तिथे कोणी एक पुरुष उजाडेपर्यंत त्याच्याशी झुंजला. याकोब हटत नाही असं पाहून त्याने त्याच्या खुब्याला हात लावला आणि सांधा निखळला. तरी याकोबाने मिठी सोडली नाही. “उजाडतंय, मला जाऊ दे.” “आशीर्वाद दिल्याशिवाय जाऊ देणार नाही.” “तुझं नाव काय?” “याकोब.” “यापुढे तुझं नाव इस्रायल.” मग याकोबाने त्याचं नाव विचारलं. ते मिळालं नाही, आशीर्वाद मिळाला. त्या जागेला त्याने पनीएल, म्हणजे देवाचं मुख, असं नाव दिलं. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत होता.

आता आजोबांच्या आक्षेपाबद्दल. बायबल आतून वाचणं ही अलीकडच्या ध्यानवर्गांची टूम नाही. येशूच्याच काळात आलेक्झांड्रियात फिलो नावाचा यहुदी विचारवंत होऊन गेला. त्याने अब्राहाम, इसहाक आणि याकोब हे जिवाचे तीन मार्ग मानले. अब्राहाम शिकून पोचतो, इसहाकाला ते उपजतच असतं, आणि याकोब साधना करून, घाम गाळून मिळवतो. फिलोच्या ग्रीकमध्ये याकोबासाठी येणारा शब्द आखाड्यात कसून मेहनत करणाऱ्याचा आहे, आणि इस्रायल या नावाचा अर्थ त्याने ‘देवाला पाहणारा’ असा लावला. म्हणजे साधक अखेर द्रष्टा होतो. येशूचा प्रेषित पौल याने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हागार आणि सारा यांना दोन करारांची रूपकं केलं. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने शास्त्राला देह, जीव आणि आत्मा असतो असं मांडलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला योहान कासियान या ख्रिस्ती संन्याशाने एकट्या यरुशलेम शब्दाचे चार अर्थ करून दाखवले. यहुद्यांचं नगर, ख्रिस्ताची मंडळी (चर्च), स्वर्गातलं नगर आणि माणसाचा जीव. तेव्हा आजोबांना आदराने सांगा की ही वाट मंडळीच्या पूर्वजांनीच पाडलेली आहे.

पण त्याच फिलोची दुसरी बाजू शिबिरात कोणी सांगितली नसेल. त्याच्या काळीही काही लोक म्हणू लागले होते की आतला अर्थ कळला, आता शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, कशाला पाळायचा आणि सुंता कशाला करायची. फिलोने त्यांना खडसावलं. तो म्हणतो, शब्दार्थ हा देहासारखा आणि आतला अर्थ जिवासारखा आहे. जीव देहात राहतो म्हणून आपण देहाची काळजी घेतो, तशीच अक्षराची घ्यावी. मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. आजोबा रागावले, तेव्हा याच देहाची काळजी त्यांच्या मनात असावी.

आता तो तक्ता गोष्टीवर ठेवून पाहू. झुंजणारा पुरुष जर अहंकार असेल, तर याकोब अहंकाराकडे आशीर्वाद का मागतो? मिठी का सोडत नाही? अहंकाराशी झुंजणाऱ्याने त्याला धरून ठेवायचं असतं का? आणि सकाळी याकोब म्हणतो, मी देवाला समोरासमोर पाहिलं. तक्त्याप्रमाणे त्याने म्हणायला हवं होतं की मी अहंकाराला पाहिलं. इथे तो अर्थ मोडतो. दुसरं असं की हाच तक्ता तुम्ही कुठल्याही झुंजीच्या गोष्टीला चिकटवू शकता, आणि प्रत्येक गोष्ट एकच उत्तर देईल. मग एसाव कशाला हवा, आंधळा बाप कशाला हवा आणि ४०० माणसं तरी कशाला हवीत? गोष्टीतल्या ज्या गोष्टी तक्त्यात बसत नाहीत, त्याच मला वर्षानुवर्षं काही ना काही देत आल्या आहेत.

तुम्हाला हा तक्ता चटकन भावला याचं मला नवल वाटत नाही. बाहेरची लढाई आतली करून वाचायची आपल्या कानांना सवय आहे. गांधीजीही कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयातलं मानत. सवय चांगलीच आहे, फक्त ती शब्दाशब्दाला धरून चालली पाहिजे.

आतला दरवाजा माझ्या मते एकाच ठिकाणी आहे: ‘तुझं नाव काय?’ हा प्रश्न याकोबाला पूर्वीही विचारला गेला होता. २७वा अध्याय उघडा. इसहाकाला दिसत नाही. हा थोरल्याचे कपडे घालून, हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधून, जेवणाचं ताट घेऊन आत शिरतो. बाप विचारतो, “बाळा, तू कोण?” आणि हा म्हणतो, “मी एसाव, तुमचा थोरला.” त्या एका उत्तरावर आशीर्वाद मिळतो, आणि त्याच उत्तरापायी वीस वर्षं परमुलखात काढावी लागतात. आता पुन्हा अंधार आहे, पुन्हा आशीर्वाद मागितला जातोय, आणि पुन्हा तोच प्रश्न समोर आहे. या वेळी तो म्हणतो, “याकोब.” टाच धरणारा. हाच शब्द भावाने रडतओरडत त्याच्यावर फेकला होता, “याचं नाव याकोब ठेवलं ते बरोबरच, दोनदा लुबाडलं यानं मला!” रात्रभराच्या झुंजीनंतर तो तेच नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारतो, आणि त्यानंतरच नवं नाव मिळतं. जाणीव म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी त्याला हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचायला सांगते.

सांगणाऱ्याने एक खूण आणखी ठेवली आहे. याकोब घरातून पळाला, बेथेलला धोंडा उशाला घेऊन निजला आणि स्वप्नात शिडी पाहिली, तेव्हा मजकूर म्हणतो की सूर्य मावळला होता. आणि पनीएलवरून निघताना म्हणतो, त्याच्यावर सूर्य उगवला. जाताना मावळलेला सूर्य येताना उगवतो. मधल्या वीस वर्षांत कितीतरी दिवस उगवले असतील, पण वाचणाऱ्याला वाटतं की ती सगळी एकच लांब रात्र होती.

मग तो पुरुष कोण? मजकूर फक्त ‘पुरुष’ म्हणतो. बायबलमधलाच होशेय संदेष्टा त्याला देवदूत म्हणतो, आणि याकोब रडला, त्याने विनवणी केली, हेही सांगतो. उत्पत्तीत रडणं नाही. जुने रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, म्हणतात, तो एसावाचा रक्षक देवदूत होता. युंगच्या मानसशास्त्रात रमलेले लोक म्हणतील, ती याकोबाची स्वतःची सावली, म्हणजे मनाची नाकारलेली बाजू. मी यातलं कुठलंच उत्तर गटात पक्कं करू देत नाही, कारण गोष्टीने ते मुद्दाम केलेलं नाही. त्या पुरुषाने नाव सांगायला साफ नकार दिला. अंधारात झुंजणाऱ्याला कळतच नाही की अंगावर आलंय ते भाऊ आहे, देव आहे, की आपलंच जुनं काही. ज्यांनी मध्यरात्री छताकडे बघत तास काढले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मध्ययुगातला एक वाद मला फार आवडतो, कारण त्यात तुमचाच प्रश्न आहे. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या यहुदी पंडिताने म्हटलं की ही झुंज संदेष्ट्याच्या दृष्टांतात, म्हणजे आत, झाली. तेराव्या शतकातल्या नाहमानिदेस या दुसऱ्या यहुदी पंडिताने विचारलं, सगळं दृष्टांतातच घडलं तर माणूस जागा झाल्यावर लंगडत का होता? मी स्वतः आतल्या अर्थाच्या बाजूची असूनही या प्रश्नापाशी दर वेळी थांबते. जे आत घडतं आणि देहावर काहीच ठेवून जात नाही, त्याला झुंज म्हणावं का?

मजकुरातही या अध्यायाचा शेवट कुठल्या उपदेशाने होत नाही, जेवणाच्या नियमाने होतो. म्हणून इस्रायलचे लोक आजवर जांघेची ती शीर खात नाहीत, असं तिथे लिहिलंय. कोशेर, म्हणजे खाण्याचे धर्मनियम, पाळणारे यहुदी आजही ती शीर मांसातून कोरून काढतात, नाहीतर जनावराचा मागचा भाग घेतच नाहीत. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी स्वतःला बेने इस्रायल म्हणतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. यब्बोकच्या काठावर एका लंगड्या माणसाला मिळालेलं नाव अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत असं आलं, आणि माणसांना घडवत राहिलं. कोणी मला म्हणालं की गोष्ट ‘फक्त’ प्रतीक आहे, तर तो ‘फक्त’ मला सहन होत नाही.

अशा शिबिरांत कानावर येणाऱ्या ‘चेतना’ या शब्दाबद्दलही एक सांगायचं आहे. पनीएलला याकोब जे म्हणतो त्यात हिब्रू शब्द आहे ‘नेफेश’. मराठीत त्याला ‘जीव’ इतका नेमका शब्द दुसरा नाही: माझा जीव वाचला. नेफेशचा एक अर्थ गळाही होतो. बायबलच्या ६९व्या स्तोत्रात पाणी नेफेशपर्यंत आलं म्हणतात, ते गळ्यापर्यंत. श्वास, भूक, तहान, भीती, ओढ, सगळं नेफेशमध्ये येतं. आपणही म्हणतो, जीव तुटतो, जीव टांगणीला लागतो, कोणावर जीव जडतो. चेतना म्हटलं की डोळ्यांपुढे शांत, स्वच्छ, देहापासून सुटलेलं काहीतरी येतं. या गोष्टीतला माणूस घामाघूम आहे, खुबा निखळलेला आहे, आणि तरी त्याची मिठी सुटत नाही. म्हणून तिला जिवाची गोष्ट म्हणा, मग बरंच काही आपोआप जागेवर येतं.

एक अनुभव सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. एका शिबिरात साठीचे एक गृहस्थ आले होते, नगरकडचे, मंडळीत मान असलेले. आम्ही २७ आणि ३२ हे अध्याय सावकाश वाचले. मी एकदाच मोठ्याने विचारलं, “तुझं नाव काय?” आणि वीस मिनिटं मौन ठेवलं. उत्तर कोणी मला द्यायचं नसतं. संध्याकाळी ते व्हरांड्यात भेटले. हातातल्या चहावर साय धरली होती तरी प्यायले नव्हते. म्हणाले, “बाई, वडील गेल्यावर बहिणीकडून हक्कसोड करून घेतलं. ती शिकलेली नाही. तिला सांगितलं, सोसायटीच्या कर्जाचे कागद आहेत. कचेरीत तिचा अंगठा मीच धरला आणि शाईवर टेकवला. अजून तो अंगठा हातात आहे असं वाटतं.” मी काहीच बोलले नाही. याकोबाने भावाची टाच धरली होती आणि यांनी बहिणीचा अंगठा, हे त्यांना माझ्या आधीच दिसलं होतं. त्या वेळी मी म्हटलं असतं की तो पुरुष म्हणजे तुमचा अहंकार, तर त्यांना त्या रात्री छान झोप लागली असती. ती झोप मला त्यांना द्यायची नव्हती. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. निम्मी जमीन बहिणीच्या नावावर करून दिली होती. तिने कागद घेतले. बोलणं पूर्वीसारखं झालेलं नव्हतं.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे आणि तिचा मला संताप येतो. एक तरुण मुलगी आली. नवऱ्याचा मार खात होती, आणि घरच्यांनी तिला सांगितलं होतं की ही तुझी देवाशी चाललेली झुंज आहे, खुबा निखळल्याशिवाय आशीर्वाद मिळत नाही. हे वाचन नव्हे, हा शास्त्राचा गैरवापर आहे. याकोबावर कोणी अन्याय केला होता म्हणून तो तिथे एकटा राहिला नव्हता, तो स्वतः अपराधी होता. जिच्यावर हात उचलला जातोय तिला ही गोष्ट वाचायला देऊ नका. आधी तिला त्या घरातून सुरक्षित जागी न्या. बाहेर चाललेल्या अन्यायाला आतलं प्रतीक करून गप्प बसवणं, हा या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि ध्यानशिबिरांत त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तुम्ही कसं वाचावं हेही विचारलंय. सुरुवात २७व्या अध्यायापासून करा आणि ३३व्यापर्यंत जा. एकट्या ३२वर ध्यान केलं तर ते अधांतरी राहतं. मोठ्याने वाचा, शक्यतो रात्री, घाई न करता. आधी कशाचाही अर्थ लावू नका. जिथे जीभ अडते किंवा मनाला खटकतं, तिथे पेन्सिलीने रेघ ओढा. प्रत्येकाची रेघ वेगळ्या ठिकाणी पडते. एका बाईंची रेघ ‘एकटा मागे राहिला’ या शब्दांखाली होती. आठवडाभर त्या पुढे सरकल्याच नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मग तीच जागा धरून बसा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. नदी कशाचं प्रतीक आहे हे शोधू नका. माझ्या घरचं कोण आत्ता पलीकडच्या काठावर आहे आणि मी इकडे का थांबलोय, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तीच ओळ वाचा. मी स्वतः एका ओळीपाशी दोन महिने काढले आहेत.

आणि ३३वा अध्याय टाळू नका. झुंजीच्या आधी भेट पुढे पाठवताना याकोब मनाशी जे म्हणतो, त्यात ‘मुख’ हा शब्द हिब्रूत एकाच वाक्यात चार वेळा येतो. भाषांतरात ते लपतं. माझ्या मुखापुढे जाणाऱ्या भेटीने त्याच्या मुखावरचा राग झाकीन, मग त्याचं मुख पाहीन, कदाचित तो माझं मुख वर उचलेल. डोक्यात एकच चेहरा आहे, भावाचा. रात्री देवाचं मुख दिसतं. आणि सकाळी एसाव धावत येऊन गळ्यात पडतो, दोघं रडतात, तेव्हा याकोब म्हणतो, “तुझं मुख पाहिलं, जणू देवाचंच मुख पाहिलं.” रात्रीचं दर्शन आणि सकाळचा भाऊ यांत त्याला फरक करता येत नाही. तुमच्या ध्यानाचा अर्थ बरोबर लागला की नाही हे मला विचारू नका. ज्याच्याशी वर्षभर बोलला नाहीत त्याचा चेहरा समोर आणा आणि तिथे तपासा.

याकोब मात्र त्यानंतर एकदम संत झाला नाही. त्याच अध्यायात तो एसावाला सांगतो, तू पुढे हो, मी लेकराबाळांच्या चालीने सेईरला, तुझ्या मुलखात, येतो. आणि वळतो सुक्कोथकडे. अब्रामाचा अब्राहाम झाला, त्यानंतर तो गोष्टीत पुन्हा अब्राम झाला नाही. पण याकोबाला बायबल शेवटपर्यंत कधी इस्रायल म्हणतं, कधी याकोब. दोन्ही नावं एकाच माणसात राहतात. एका शिबिरात साक्षात्कार झाला असं सांगणारे मला भेटतात, तेव्हा मी त्यांना हे दाखवते. त्यांचा अनुभव खोटा आहे असं मला म्हणायचं नसतं. पुढे सुक्कोथचं वळण आहे, एवढंच सांगायचं असतं.

हे सगळं वाचून झालं की ४८वा अध्याय उघडा, आणि जमलं तर तो आजोबांबरोबर वाचा. याकोब म्हातारा झाला आहे, मिसरात (इजिप्तमध्ये) आहे, वयाने दृष्टी मंदावली आहे. त्याचा मुलगा योसेफ आपल्या दोन मुलांना आशीर्वादासाठी आणतो. थोरला मनश्शे याकोबाच्या उजव्या हाताशी येईल असा उभा करतो आणि धाकटा एफ्राईम डाव्या हाताशी. म्हातारा हातांची अढी घालतो आणि उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला वाटतं, बाबांना दिसत नाही, चुकले. तो त्यांचा हात धरून हलवू लागतो. एकेकाळी आंधळ्या बापापुढे खोटं नाव सांगणारा तो मुलगा आता स्वतःच न दिसणारा बाप आहे, आणि या वेळी कोणी कोणाला फसवत नाही. तो हात हलवू देत नाही. म्हणतो, “माहीत आहे, बाळा, मला माहीत आहे.”